सहावा चौकोन

सोमवार, ६ जानेवारी

आले एकदाची वाडीला. नवीन जालन्याच्या स्टेशनासमोरून निघालो तेव्हा मोटरसायकल धम्मपालची, मागे मी, पाठीवर माझी बॅग आणि मांडीवर कॉलेजने दिलेलं पोतं. पोत्यात बारा दोरउड्या, सहा रिंगा आणि दोन व्हॉलीबॉल, त्यातल्या एकातली हवा गेलेली. टेंभुर्णीत चहाला थांबलो तर टपरीवाल्याने विचारलं की सर्कस कुठं लागलीय. मी सांगितलं, वाडीच्या शाळेत, तिकीट नाही, या बघायला. धम्मपाल लाजून पार पलीकडे जाऊन उभा राहिला.

गावाचं कागदावरचं नाव मोठं आहे, पण सगळे नुसतं वाडी म्हणतात. आम्ही दोघं बी.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. पुढचे पाच आठवडे इथल्या सहावी ते आठवीच्या पोरांचे मैदानी कार्यक्रम आमच्याकडे. सकाळची कवायत, खेळ, शर्यती, आणि शेवटी टेकडीवर सहल. पोरांना फळ्यासमोर बसवायचं नाही, मातीत काढायचं, असं आमच्या मॅडमनी निघताना बजावलं. मला ते सांगायची गरज नव्हती. परतूरला मी शाळेत कमी आणि मैदानावर जास्त वाढले. दहा वर्षं खो-खो खेळले आहे, विद्यापीठाच्या संघातून तीनदा.

कॉलेजची दैनंदिनी वेगळी आणि ही वेगळी. तिच्यात उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन असले रकाने आहेत आणि दर शनिवारी हेडसरांची सही लागते. इथे कोणाची सही नाही, म्हणून मी वाटेल ते लिहिणार.

माझी राहायची सोय केशरबाईंकडे केली आहे. त्या शाळेत खिचडी शिजवतात. पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेले, बोलणं मोजकं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली नातवाचं बक्षीस. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं. त्यांना विचारलं नाही. धम्मपाल टेंभुर्णीत आतेकडे राहून रोज येणार.

बुधवार, ८ जानेवारी

चौसष्ट पोरं, आणि एकही धड ओळीत उभं राहत नाही. मजा आली. सकाळी एवढी थंडी की कवायतीला तोंडातून वाफा निघतात. त्या वाफांची शर्यत लावून दिली तर पोरं खूश. धम्मपालला ते पटलं नाही, पाठटाचणात नव्हतं म्हणून. हा मुलगा मोजायच्या टेपशिवाय श्वासही घेत नाही.

मैदान मात्र नशिबाने मिळालं म्हणावं असं आहे. पूर्वेला शाळा, पश्चिमेला उघडा माळ, त्यावर मेंढरं. खो-खोचे दोन्ही खांब पक्के रोवलेले. मधल्या पाटीवर आठ चौकोन आहेत, पण मुलींच्या खेळात बसतात सातच. सहावा रिकामा. पळणारी तिथून जाते, पण त्यावर पाय ठेवत नाही. मी विचारलं तर सगळ्या जणी एकदम बुटांच्या लेसा बांधायला लागल्या. ज्यांच्या पायात चपला होत्या त्यासुद्धा.

मागच्या वर्षी तालुक्याला या पहिल्याच फेरीत हरल्या. हरणारच. सात जणींची सवय, तिथे आठ बसवल्या की सगळं गणित फिसकटतं. यंदा स्पर्धा तीस तारखेला आहेत.

आणि यांच्यात एक पोरगी आहे. रेणू, आठवीतली, तेरा वर्षांची, काटकुळी. खांबाशी असा काही वळसा घेते की पाठलाग करणारी चार पावलं पुढे निघून जाते. मी दहा वर्षांत अशा दोनच बघितल्या. हिला मी राज्यापर्यंत नेणार. लिहून ठेवते.

शुक्रवार, १० जानेवारी

आज नुसते नियम घोटून घेतले. खो मागूनच द्यायचा. हात आणि आवाज एकाच वेळी. बसलेलीने खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. आणि ज्यात या पोरी सारख्या चुकतात ते: खो दिला की देणारीने लगेच त्या जागी बसायचं. खो देऊन उभं राहिलं की फाउल. वीस वेळा म्हणून घेतलं. रूपाली नावाची सातवीतली एक आहे, ती झोपेतही आता हेच म्हणेल.

खिचडी झाल्यावर मावशी हळूहळू मैदानात आल्या आणि सहाव्या चौकोनाशी पाण्याने भरलेला तांब्या ठेवून गेल्या. रोज ठेवतात म्हणे. कोणी पोर अडखळलं तर गुडघा फुटेल. संध्याकाळी मी त्यांना चांगल्या शब्दांत सांगितलं की मैदानावर असलं पूजेबिजेचं नको. त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आम्ही भूत मानत न्हाई आन पूजाबी करत न्हाई. तहानलेल्याला पानी हाय ते."

कोण तहानलेलं, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, कुत्र्यामांजरांसाठी असेल. पण तांब्या कडेला नळाशी ठेवा म्हटलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

शनिवार, ११ जानेवारी

सकाळची शाळा सुटल्यावर रेणूच्या घरी गेले. वडील इंद्रभान, पन्नास मेंढरं आणि दोन एकर कापूस. माणूस साधा, घोंगडी अंथरून बसवलं, दूध दिलं. पण रेणूला संघात घेते म्हटल्यावर चेहरा मिटला. आमच्या घरात खो-खो चालत न्हाई, एवढंच. बाकी काय पळायचं ते पळू द्या म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मुलगी वयात आली की बापांना अचानक मैदान नको होतं, हे मी माझ्याच घरात भोगलं आहे. तासभर भांडले. शेवटी म्हटलं, तिची जबाबदारी माझी, तिच्या नखालाही काही झालं तर मला विचारा. ते माळाकडे बघतच बराबर हाय म्हणाले. रेणू दाराआडून ऐकत होती. मला सोडायला आली ती येताजाता उड्या मारतच.

सोमवार, १३ जानेवारी

आज आठही चौकोनांवर चुन्याची नवी फक्की मारली. धम्मपालने टेप लावून प्रत्येक रेघ मोजली. पांढऱ्याशुभ्र रेघा बघून मलाच पळावंसं वाटलं.

मग अडलं. सहाव्यात बसायला एकही तयार होईना. रेणूसुद्धा. मोनाली, सातवीतली, रडायला लागली. पोरींचं म्हणणं, तिथं कोणीतरी बसलेलं असतं, त्या जागेला खो देत नाहीत, आजवर कोणी दिलेला नाही.

चिडायचं नाही असं ठरवून आले होते, पण चिडले. तालुक्याला काय सांगणार आहात, आमच्या सहाव्यात आधीच पाहुणी बसलीय? सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हटलं, बघा. पाटीवरून पळत गेले, सहाव्या चौकोनामागे थांबले, बसलेल्या मुलीची पाठ जिथे येते तिथे तळहात टेकवला आणि कडक आवाजात म्हटलं, खो.

काही झालं नाही. काय होणार होतं? मी पोरींकडे वळून दोन्ही हात झटकले आणि सरळ नळावर पाणी प्यायला गेले. हात जरा गरम लागत होता. ऊन डोक्यावर होतं.

मावशी स्वयंपाकखोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातली पळी खाली पडली ती त्यांनी उचललीच नाही.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत होती, शाळा नव्हती. आज सकाळी मैदानावर पावलं दिसली. फक्कीवर उमटलेली, लहान, अनवाणी. धम्मपाल टेप घेऊन खाली बसलाच. त्याचं म्हणणं, ही कोणी उनाड पोरं नाहीत. पावलं एकाच बाजूने पळतात, खांबाला वळसा घेतात, मग दुसऱ्या बाजूने. दोन चौकोनांच्या मधून एकदाही गेलेली नाहीत. जी कोणी पळाली ती नियमाने पळाली.

मी म्हटलं, मग चांगलंच आहे, रेणू पहाटे येऊन सराव करत असेल. रेणूला विचारलं तर म्हणाली, मी आलेच नव्हते, काल दिवसभर तिळगूळ वाटत होते.

सहाव्या चौकोनात एकही पाऊल नव्हतं. आज तिथे रूपालीला बसवलं. बसली. मग दोन मिनिटांनी उठली आणि म्हणाली, मॅडम, ही जागा माझ्यासाठी न्हाई, दुसऱ्या कोणाची हाय. काय बोलतात ही पोरं.

गुरुवार, १६ जानेवारी

मोनाली पडली. पळणाऱ्यांच्या तिघींच्या तुकडीत होती, तिच्यामागे पाठलाग करणारी अजून आठ-दहा हात लांब. आणि ही मध्येच किंचाळून उपडी पडली. अंग तव्यासारखं तापलेलं, कातडी कोरडी. सदरा वर केला तर पाठीवर लाल पंजा. लहान पंजा, पाच बोटं.

टेंभुर्णीच्या डॉक्टरांनी तपासून म्हटलं की हिला ऊन लागलंय. मग स्वतःच खिडकीबाहेर बघितलं. बाहेर लोक स्वेटर घालून शेकोटीला बसले होते. ताप एकशे चार. जालन्याला हलवा म्हणाले.

शुक्रवार, १७ जानेवारी

हेडसरांनी खेळ बंद करायला सांगितला. मी खेळणार म्हटलं. एक पोरगी आजारी पडली म्हणून मैदान सोडायचं असेल तर मग शाळाही सोडा. मला वाटलं, कोणी मोठ्या माणसाने मुद्दाम चालवलंय हे, मुलींना बाहेर येऊ द्यायचं नाही म्हणून. मला घाबरवणार? मला?

अकरा वाजता रूपाली पडली. तीच तुकडी. तोच पंजा. तिच्या मागे कोणीच नव्हतं, मी स्वतः बघत होते. पण अनवाणी पावलांचा आवाज मी ऐकला. माझ्या अंगावरून वारा गेला, तो गरम होता. जानेवारीत.

तिला उचलून गाडीत ठेवताना मी घाबरले होते. हे लिहिते आहे कारण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुकडी तिघींची असते. तिसरी रेणू.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी साडेसातला पोचले तर रेणू मैदानावर पळत होती. एकटी. खांब, पाटी, खांब. मी हाक मारली तर थांबली नाही. मी तिच्या बाजूने पळायला लागले तेव्हा म्हणाली, "ती थांबंना झाली मॅडम. म्हून मी बी थांबत न्हाई."

कधीपासून? सूर्य उगवल्यापासून. वेडी नाही झाली पोरगी, शुद्धीत आहे. खांबाशी वळसा घेते आणि मागचा आवाज पुढे निघून जातो, तेवढ्यात दोन श्वास घेते. मैदानाबाहेर नेली तरी आवाज मागे येतो, आणि तिथे वळसा घ्यायला खांब नाहीत. म्हणून ती इथेच पळते. मी आणि धम्मपाल आळीपाळीने तिच्याबरोबर पळालो, पळता पळता गुळाचा खडा, पाणी. दुपारी इंद्रभान आले. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सूर्य मावळला आणि आवाज थांबला. रेणू तिथेच आडवी झाली. बापाने खांद्यावर टाकून नेली.

मग मी मावशींसमोर बसले आणि म्हटलं, सांगा.

चाळीस वर्षं झाली. याच मैदानावर, चैत्रातल्या उन्हात. सगुणा नावाची बारा वर्षांची मुलगी, इंद्रभानची थोरली बहीण. आदल्या दिवशी खो न मिळता उठली म्हणून गुरुजींनी तिच्या हातावर छड्या मारल्या होत्या, आणि मेलीस तरी खोशिवाय उठायचं नाही असं दटावलं होतं. त्या दिवशी ती सहाव्या चौकोनात. पाठलागावर तिच्याच वयाची केशर, म्हणजे मावशी. तेवढ्यात तपासणीच्या साहेबांची जीप आली. गुरुजी धावले, पोरं धावली, जीप बघून तिकडूनच घरी गेली. सगुणा बसूनच राहिली. आईबाप मेंढरं घेऊन लांब. सूर्य मावळल्यावर सापडली ती तशीच, उकिडवी, तळवे मातीत टेकलेली. शाळेच्या कागदावर लिहिलं, घरी आजारपणाने मृत्यू. गुरुजींची बदली झाली.

मावशी रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "चार पावलं राह्यली होती. जीप आल्ती म्हून मी पळाले. खो माझ्याकडं होता ना, पोरी."

रविवार, १९ जानेवारी, सकाळी ७ वाजता

झोपले नाही. नियम आठवत बसले.

बसलेलीला खो मिळाला की ती उठते आणि समोरची तुकडी बाद करेपर्यंत पळते. ती वाईट नाही. तिला चाळीस वर्षांनी खो मिळाला, ती खेळते आहे. मोनाली बाद, रूपाली बाद.

आणि खो देणारीने त्या जागी बसायचं असतं. मी दिला. आणि नळावर पाणी प्यायला गेले.

फाउल माझा आहे. दहा वर्षं खेळलेली मी, वीस वेळा पोरींकडून म्हणून घेतलेली मी.

सकाळी ८.१०

इंद्रभाननी रेणूला बाजेला बांधलं होतं. पळून पळून मरेल म्हणून. बापच तो, काय करणार. मी आत शिरले तेव्हा अंगणात पावलं वाजत होती आणि पोरगी डोळे फाडून दाराकडे बघत होती. मी विळ्याने दोर कापला. त्यांनी माझा हात धरला. मी म्हटलं, दादा, जबाबदारी माझी म्हणाले होते ना, ती निभवायला चाललेय, सोडा.

सोडला.

रेणू मैदानाकडे सुटली. तिच्याने आता पाय उचलवत नाहीत.

८.२५

बसले. सहाव्या चौकोनात. तोंड माळाकडे, पाठ शाळेकडे. वही गुडघ्यावर.

रेणू थांबली! खांबाला धरून उभी आहे. मान वळवून मागे बघते. काही नाही म्हणाली.

माझ्या समोर फक्कीवर पावलं उमटली. एकेक करून, मी बघत असताना. आजवर एकही पाऊल रेघेबाहेर नव्हतं. ही रेघ ओलांडून गेली. माळाकडे, मेंढरांकडे. पळत नव्हती. चालत होती.

जा सगुणा. घरी जा.

९.४५

धम्मपालला जालन्याहून फोन. मोनालीचा ताप उतरला, बिस्किट मागते आहे. रूपाली उठून बसली. मी ओरडले आनंदाने.

आणि उठायला गेले.

उठता येत नाही. पाय माझे आहेत, पण उठत नाहीत. धम्मपालने काखेत हात घालून ओढलं. खांब ओढावा तसं. इंद्रभानही आले. दोघांनी मिळून. नाही.

धम्मपाल सगळं समजला. माझ्या मागे जायला लागला, खो द्यायला. मी त्याला असा दम दिला की तो जागच्या जागी थांबला. देणाऱ्याला बसावं लागतं, गाढवा. कोणीही द्यायचा नाही. शपथ घातली त्याला, इंद्रभानला, रेणूला.

माझा हिशोब सरळ आहे. सगुणाने सूर्य मावळेपर्यंत काढलं. एकटीने, पाण्याशिवाय, बारा वर्षांची. मी चोवीस वर्षांची घोडी आहे, माझ्यासमोर पाणी आहे, माणसं आहेत, जानेवारी आहे. सूर्य सहा वाजता मावळतो. तोपर्यंत बसते. जिवंत उठून दाखवते. मग या चौकोनाला मागायला काही उरणार नाही.

११.३०

बाकीच्यांना थंडी वाजते. रेणू घोंगडी पांघरून बसली आहे. माझ्यावर मात्र चैत्रातलं ऊन. पाणी तोंडात गेलं की कढत होतं. धम्मपाल डोक्यावर ओला टॉवेल ठेवतो, दोन मिनिटांत वाळतो.

हेडसर आले. असं करू नका म्हणाले. त्यांना सांगितलं की कागद काढा आणि लिहा. सगुणा इंद्रभानची बहीण, या मैदानावर, शिक्षकाच्या आज्ञेने बसलेली, विसरलेली. घरी नाही. आजारपणाने नाही. लिहिल्याशिवाय मी मरणार नाही, आणि लिहिल्यावरही मरणार नाही.

लिहिलं त्यांनी.

१.०५

धम्मपाल डॉक्टरला आणायला गेला. टेंभुर्णी. इंद्रभानला सांगितलं, रेणूला घरी न्या, झोपवा. जात नव्हती. तिला म्हटलं, तीस तारखेला आठ जणी बसवायच्या. सहाव्यात तू. घाबरशील? म्हणाली, न्हाई.

गेली.

आता एकटी आहे. बरं आहे. तोंड वेडंवाकडं केलं तरी कोणी बघत नाही.

घाम यायचा थांबला. ते चांगलं नाही. प्रथमोपचाराच्या तासाला शिकलो होतो.

सहापर्यंत पाच तास. नुसते पाच. काढीन.

दोन? अडीच?

माळ पांढरा दिसतो. अक्षर नीट —

सगुणा, तू कसं काढलंस गं.

मी उठणार आहे. लिहून ठेवते. उठणार.

—

चपलांचा आवाज. मागून. शाळेकडून. हळू, एक पाय ओढत.

मावशी.

तांब्या असेल हातात. पाणी हिंदकळतंय. रोजच्यासारखं ठेवतील आणि —

थांबल्या.

तांब्या ठेवला.

चपला काढताहेत. चपला का —

खो-खो अनवाणी खेळतात.

मावशी नको. ओरडता येत नाही, घसा — त्यांना शपथ घालायची राहिली. सगळ्यांना घातली. त्यांना नाही.

चार पावलं राह्यली होती म्हणाल्या. चार —

एक.

नको. जागा माझी आहे. खो मी दिला. तुमचं काही देणं नाही मावशी, तुम्ही बारा वर्षांच्या होतात —

दोन.

सहा वाजेपर्यंत फक्त. मी काढते आहे. मला जमतंय —

तीन.

तुम्ही म्हटलंत तरी मी उठणार नाही. ऐकलं? उठणारच नाही. फाउल होऊ दे —

हात. पाठीवर. गार आहे. ओला, तांब्याचा.

मावशी, मी नाही उठ